पूरियाचा अंतरा

१४ नोव्हेंबर १९३४, लोणावळे

मारुतीकडे गाण्याच्या नव्या प्लेटी आल्या. दुकान त्याचं घड्याळ-दुरुस्तीचं, पण बंगलेवाली मंडळी हल्ली प्लेटींसाठीच येतात. त्याला स्वतःला सुरातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून पार्सल फोडलं की मला बोलावणं — "मास्तर, आयका आन् सांगा, किती मागवू?" मास्तर म्हणे! चार बंगल्यांतल्या मुलींकडून सारेगम घोटून घेतो, एवढाच मी मास्तर.

सतारीची एक बरी आहे. जोगियाची एक मात्र जरूर ऐकावी अशी. बाई कोण ते ठाऊक नाही, पण तीन-साडेतीन मिनिटांत कुठे घाई नाही. बाकी सगळा नाटकी आरडाओरडा.

तळाशी रतनबाईची प्लेट निघाली. पूरिया — माझ्या गुरूंची, आमच्या बुवांचीच चीज. घरी घेऊन आलो. फोनोला चावी दिली, आणि लावलीच नाही.

१५ नोव्हेंबर

लावली. अंतरा चुकीचा!

थेट वरच्या षड्जावर जातो. बुवांनी मला दिला तो जातच नाही. निषादावर थांबतो, तिथेच घुटमळतो आणि खाली वळतो. अकरा वर्षं बुवांच्या घरी पाणी भरलं, चिलीम भरली, लग्नाचं वय निघून गेलं. शेवटी एकदा दार लावून त्यांनी हा अंतरा दिला. "हा तुलाच. बाहेर गायचा नाही." नाही गायलो. तेवढ्या एका गोष्टीवर इतकी वर्षं काढली आहेत.

रतनबाई बुवांकडे वर्ष-दीड वर्ष आली, शिकवणीचे पैसे देऊन शिकली. मोठे गवई अस्सल चीज एकालाच देतात, बाकीच्यांना सूर फिरवून देतात. तिला फिरवलेली मिळाली, दुसरं काय.

मारुतीला सांगितलं, ही मागवू नकोस. खोटी आहे.

१९ नोव्हेंबर

बंगले रिकामे. शिकवण्या बंद. नंदाबाई धुणंभांडी उरकून भाताच्या झोडणीला गेली. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही.

२३ नोव्हेंबर

रतनबाई आली! हवापालटाला खंडाळ्यात उतरली आहे. मी काय म्हणालो ते मारुतीने सांगितलेलं दिसतं. पण चिडलेली नव्हती. "दादा, बुवा गेले. आता तुमच्याशिवाय विचारू कुणाला? चुकलं असेल तर सांगा."

म्हटलं, अंतरा खोटा आहे.

"मग खरा म्हणून दाखवा."

ती वाट बघत बसली. चहा निवला. "बुवा आता नाहीत, दादा. कुणासाठी जपून ठेवताय?"

माझ्यापाशी दुसरं काही नाही, हे तिला कसं सांगणार? कप तसाच ठेवून उठली. टांगा वळेपर्यंत खिडकीशी उभा होतो. हाक मारायला हवी होती.

नंदाबाई कप उचलताना म्हणाली, "वरसातनं एक मानूस घरात येतं, त्येला बी घालीवलंत व्हय?" तिच्यावर उगीच खेकसलो.

१ डिसेंबर

तंबोरा जुळवला. पुन्हा गवसणीत घातला. गायचं कुणापुढे?

८ डिसेंबर

मारुतीकडे बुवांची प्लेट! वारण्याच्या आदल्या वर्षी मुंबईला जाऊन गाऊन दिली होती म्हणे. मला पत्ताच नाही. दुसऱ्या बाजूला पूरिया, तीच चीज! मनात म्हटलं, आता रतनबाईला बोलावतो. ऐक म्हणावं.

षड्ज. सरळ वरचा षड्ज. हुबेहूब रतनबाईसारखा.

पुन्हा लावायला सांगितली. वाटलं, जगापासून लपवायचं म्हणून बुवांनी प्लेटीतही फिरवला असेल. पण नाही. षड्जावर पोचताच बुवा हलकेच "हां" म्हणतात. ती "हां" मी अकरा वर्षं ऐकली आहे. एखादी जागा मनासारखी लागली, तरच यायची. दार लावून मला शिकवलं, त्या दिवशी ती एकदाही आली नव्हती.

चिलीम भरणाऱ्याच्या हाती काहीतरी ठेवायचं होतं, ते ठेवलं. बाहेर गाऊ नको म्हणाले ते का, हे आज कळलं.

मारुतीने विचारलं, "मास्तर, किती मागवू?"

म्हटलं, हव्या तेवढ्या मागव. रतनबाईचीही मागव. तिची खरी आहे.

९ डिसेंबर

जेवलो नाही. नंदाबाई भाकरी झाकून ठेवून गेली.

१० डिसेंबर

बुवांचा राग येत नाही, हे जास्त वाईट. एवढं वय झालं आणि हातात काय, तर एक चुकीचा अंतरा. तरी मघाशी पाणी तापवताना तोच गुणगुणत होतो. जीभ दुसरीकडे वळतच नाही.

१२ डिसेंबर

खंडाळ्याला गेलो. रतनबाईपुढे पूरिया गायलो. निषादावर थांबलो, हवं तेवढं थांबलो. तिने विचारलं, "हा खरा का, दादा?" म्हटलं, खरा तुझाच. हा बुवांचाही नाही, कुणाचाच नाही. माझा आहे.

तिने तंबोरा मांडीवर घेतला. म्हणाली, "मग मला द्या."