कागदावरचा थोरला

चि. मोरूस आशीर्वाद.

उद्या एक जून. सत्तरी पूर्ण झालेल्यांना न्यायला आगरदांड्याच्या जेटीवर सरकारी लाँच लागेल आणि तू तिच्यात बसशील. त्या लाँचमधून कुणी परत येत नाही. कायदाच तसा आहे.

मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पण मी मिठागरावर बापाच्या हाताखाली होतो, म्हणून आईने आधी तुला शाळेत घातलं आणि मला पुढच्या वर्षी. गुरुजींनी काही न विचारता दोघांनाही नाव घालताना सहा वर्षांचं लिहिलं, जन्म एक जून. हे आता आपल्या दोघांनाच ठाऊक आहे.

कागदाप्रमाणे माझी पाळी पुढच्या जूनला; खरं वय सांगितलं तर उद्याच. एवढ्या एका वर्षाचा मोह मला सुटत नाही रे. तुझं दार दहा पावलांवर आहे, तरी हे पत्र घेऊन उठवत नाही.

काल नोंदी तपासायला सरकारी साहेब आला. "नोंदीत चूक असेल तर आत्ताच सांगा," म्हणाला. मी मान वळवून अंगणाकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "न्हाय साहेब, बराबर हाय." मग वाकून माझ्या पाया पडलास.

साहेब हसला. "आजोबा, धाकट्याच्या पाया पडता?"

मी घाईघाईने पाय मागे घेतले.

तुझा धाकटा भाऊ,
हसुराम