मसुरीएवढं प्रवाळ

तीर्थरूप बाबा,

मी किनाऱ्यावर बसून नोंदी करते, असं तुम्हाला फोनवर सांगत आले. ते खोटं आहे. गेले आठ महिने, तीन किनारे फिरत, मी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरते आहे. काका बुडाल्यापासून तुम्ही आम्हाला विहिरीच्या काठावरही जाऊ दिलं नाहीत, म्हणून खरं सांगायला जीभ रेटली नाही.

आज मात्र आनंद पोटात मावेना. जिथलं प्रवाळ मेलंय, तिथे आम्ही स्वयंसेवक जिवंत प्रवाळाचे तुकडे लोखंडी जाळीवर बांधतो. आज जाळीवरचं शेवाळ घासताना कोपऱ्यात मसुरीएवढं एक प्रवाळ दिसलं. ते कुणीच बांधलेलं नव्हतं, आपणहून येऊन रुजलं होतं. मी इतकी हसले की मास्कमध्ये पाणी शिरलं.

बोटीवर आल्यावर आमच्या संशोधक बाई म्हणाल्या, "वर्षभर मी हेच शोधतेय आणि दिसलं तुला. माझ्याकडे शिकायला राहतेस?"

"बाई, मी कॉमर्सची."

"मग पहिल्या वर्षापासून सुरू कर. समुद्र कुठे पळून जातोय?"

मी हो म्हणून बसले, बाबा. तुम्हाला न विचारता.

हे पत्र मी टाकणार नाही. पहिल्या चार ओळी वाचूनच तुम्ही चष्मा काढून ठेवाल आणि पुढचं वाचणारच नाही. त्यापेक्षा रविवारी घरी येते, तुमचा हात धरून बसते आणि आधी प्रवाळाचं सांगते.

तुमची,
धाकटी