पाय घसरला

४ सप्टेंबर

फुटबॉल क्लबच्या करारावर सही केली. दोन वर्षं! सही माझीच वाटत नाही. मॅनेजरनी खोलीची किल्ली दिली – तिसरा मजला, एक खाट, एक कपाट, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ. आईला फोन केला. तिनं आधी विचारलं, "पांघरूण आहे ना रे?" मग रडली. मग मीही. पण फोन ठेवल्यावर.

९ सप्टेंबर

सराव सकाळी सातला. बाकीचे सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. माझं नाव पडलंय पाहुणा. "अरे पाहुण्या, पास दे की! नुसता चहा प्यायला आलायस का?" सगळे हसले. मीही हसलो.

आघाडीला, माझ्या जागेवर, काका खेळतात. वय चौतीस फक्त, पण या खेळात चौतीस म्हणजे काकाच. धावताना दम लागतो त्यांना. पण चेंडू कुठे पडणार ते आधीच कळतं. मी जीव खाऊन पोचतो, तर हे तिथे आरामात उभे!

२१ सप्टेंबर

तिसरा सामना. पुन्हा बाकावर, पूर्ण नव्वद मिनिटं. खोलीवर येऊन जर्सी धुतली. मळलेली नव्हतीच.

२९ सप्टेंबर

रविवार. दिवसभरात तोंडातून एकच वाक्य निघालं – दुकानदाराला, "एक ब्रेड द्या."

३ ऑक्टोबर

सराव संपल्यावर काकांनी थांबवून घेतलं. "तू चेंडूकडे बघत बसतोस. बचाववाल्याच्या कमरेकडे बघ. तो खांद्यानं फसवेल, कमरेनं नाही फसवता येत." अर्धा तास एकच वळण घोटून घेतलं. जाताना म्हणाले, "जेवतोस ना नीट? का नुसता आईला सांगण्यापुरता जेवतोस?" या शहरात मला हे विचारणारा हा एकच माणूस. आणि त्यांच्याच जागेवर माझा डोळा. काय करू?

१४ ऑक्टोबर

कोचसरांना धीर करून विचारलं. "काका आहेत तोवर तुला थांबावंच लागणार. पुढचा हंगामही धरून चाल." एवढं बोलून पुन्हा कागदात डोकं. ताईचा फोन आला होता – "अरे, टीव्हीवर दिसलास! बाकावर कोपऱ्यात!" उचलला, हो हो केलं, ठेवला.

१५ ऑक्टोबर

लिहू की नको?

सरावाचा सामना. चेंडू काकांकडे होता. मी मागून सुटलो. चार पावलं आधीच कळलं, की मला चेंडू मिळणार नाही. थांबता आलं असतं. थांबलो नाही. बूट थेट त्यांच्या घोट्यावर. आवाज झाला – वाळकी फांदी मोडावी तसा.

कोचसर धावत आले. "काय झालं?"

मी म्हणालो, "पाय घसरला, सर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

१६ ऑक्टोबर

दोन ठिकाणी मोडलंय. ऑपरेशन. हंगाम संपला त्यांचा. चौतिसाव्या वर्षी पुढचा हंगाम कुठला?

मला त्यांना दुखवायचं नव्हतं. मग काय करायचं होतं? खरंच आठवत नाही. आठवतं – पण शब्दांत मांडवत नाही.

१९ ऑक्टोबर

यादी लागली. पहिल्या अकरांत मी.

२० ऑक्टोबर

गोल! चौसष्टाव्या मिनिटाला. बचाववाल्याची कमर डावीकडे वळली, मी उजवीकडून काढला आणि सरळ जाळ्यात. काकांनी शिकवलेलं तेच वळण. हात पसरून धावलो. मागे वळलो, तर कोणीच नाही. कप्तान आला, खांद्यावर दोन थापा मारल्या, परत गेला. गॅलरीत केवढा गलका! आणि मी कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी एकटा.

आई म्हणाली, "सगळी आळी ओरडत होती रे! तू खूश आहेस ना?"

"हो, खूप."

"मग आवाज असा का?"

"दमलोय."

२६ ऑक्टोबर

आता मला पाहुणा कोणी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. मी ड्रेसिंग रूममध्ये शिरलो, की बुटांच्या नाड्या फार लक्ष देऊन बांधल्या जातात. मोठ्या क्लबांत असंच असेल. नव्यानं जागा घेतली की थोडं जळणारच लोक.

असं स्वतःला सांगतो.

२ नोव्हेंबर

हॉस्पिटलमध्ये गेलो. तीनदा दारातून मागे फिरलो, चौथ्यांदा नर्सनं हटकलं, "आत जायचंय की पहारा द्यायचाय?"

काका उशीला टेकून बसले होते. पायात सळया. काकू संत्रं सोलत होत्या. त्यांनी अर्धं माझ्या हातात दिलं, पण वर पाहिलं नाही. काका म्हणाले, "गोल पाहिला. छान काढलास. पण शॉटच्या आधी खाली बघतोस, ती सवय मोड."

मी म्हणालो, "काका, त्या दिवशी…"

ते थांबले. वाट पाहत राहिले. चांगला मिनिटभर.

"…मैदान ओलं होतं," मी म्हणालो.

"असेल," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

संत्रं तसंच खिशात घेऊन आलो.

१० नोव्हेंबर

आज दोन गोल. बसमध्ये शेजारची सीट रिकामी.

११ नोव्हेंबर

जेवण जात नाही. डोळे मिटले, की तो आवाज ऐकू येतो. घरी परत जावं? आईला काय सांगू? तिला सांगता येत नाही ते या वहीला सांगतोय, आणि वहीला काय, ती ऐकूनच घेणार.

१३ नोव्हेंबर

सांगून टाकलं. सरावाआधी, ड्रेसिंग रूममध्ये, सगळ्यांसमोर, उभं राहून. "मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही." नाड्या बांधणारे हात थांबले.

मग कप्तान म्हणाला, "आम्ही पाहिलं होतं रे. सगळ्यांनी. सरांकडे निघालोच होतो. काकांनी स्ट्रेचरवरून बजावलं – कोणी तोंड उघडायचं नाही, पोरगा आपणहून सांगेल. आज तिसावा दिवस. रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, बोलला का?"

त्यानं खिशातून फोन काढला, काकांचा नंबर लावला आणि माझ्यासमोर धरला.