सहायकाने करायच्या नऊ गोष्टी

३ डिसेंबर
नारीन शहरातून नवी डॉक्टरीण आली. दवाखान्याच्या भिंतीला कागद डकवला आणि मला मोठ्याने वाचायला लावला. सहायकाने करायच्या नऊ गोष्टी. ताप बघायचा, रक्तदाब मोजायचा, पट्टी बांधायची... सुई येते ती आठव्या ओळीत — डॉक्टरने सांगितल्यावरच! कोणतं औषध, किती, कुणाला, हे मी ठरवायचं नाही. "कालिपा आपा, चुकलात तर तुरुंगात तुम्ही जाल, गाव नाही." पोरगी गोड आहे. खोटं काही बोलली नाही.

एकतीस वर्षं सुया टोचतेय मी. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं जुन्या कंपाउंडरच्या पाठीमागे उभं राहून शिकले. तो कामासाठी रशियात गेला, मी उरले.

४ डिसेंबर
कागद वहीत उतरवला. दोनदा. बरोबरच आहे की! पण डॉक्टरीण महिन्यातून एकदा येणार, खिंड बर्फाने बुजणार. "फोनवर विचारा." फोन लागतो तो फक्त कब्रस्तानाच्या टेकडीवर.

९ डिसेंबर
खिंड बंद. शेजारीण झूराकान खोकत आली. इंजेक्शनची कुपी स्वतःच विकत आणून रुमालात बांधलेली — इथे सगळे तसंच करतात. मी नाही म्हटलं.

"कागद चिकटला भिंतीला आणि लकवा मारला तुझ्या हाताला!"

चहा न घेता गेली. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण माझी.

११ डिसेंबर
झूराकानला ताप एकोणचाळीस अंश. टेकडी चढले. डॉक्टरणीच्या फोनची घंटी नुसती वाजत राहिली.

१२ डिसेंबर
सकाळी चाळीस. छाती नुसती घरघरतेय. पुन्हा टेकडी, पुन्हा घंटी.

खाली येऊन विचारलं — ह्या औषधाने कधी सूज आली होती? श्वास कोंडला होता? "छे गं! टोच तू. तुझ्या हाताला गुण आहे." सून दारात किटली घेऊन उभी. आमच्याकडे चारचौघांत सून सासूपुढे तोंड उघडत नाही. मीही तिला विचारलं नाही.

टोचलं. आधी ओठ सुजले, मग गळा. दहा मिनिटांत गेली. माझ्या मांडीवर.

१४ डिसेंबर
काल पुरलं. आज तिच्याच चुलीवर तिच्या नावाचे बोरसोक, कणकेचे तुकडे, तळले. कुणी बोल लावला नाही. "अल्लाची मर्जी," म्हणतात. मर्जी! आठवी ओळ मी वाचली होती.

१९ डिसेंबर
खिंड उघडली. डॉक्टरीण आली, माझा हात धरून रडली. "एका बाईचं बाळंतपण दोन दिवस अडलं होतं आपा, फोन बाहेर राहिला." चौकशी सोमवारी आहे. आणि आजही तीन घरांतून कुप्या घेऊन माणसं दारात! हाकलली.

२१ डिसेंबर
झूराकानची सून आली, एकटीच. दोन वर्षांपूर्वी शहरात ह्याच औषधाने सासूचा गळा सुजला होता. त्या सकाळी मी टेकडीवर असताना तिने आठवण करून दिली. तर झूराकान म्हणाली, "गप्प बस. कालिपाला कळलं तर टोचायची नाही. आणि तिच्या हाताने मला काही होत नाही."

"चौकशीत हे सांगते आपा, तुम्ही सुटाल."

तिला बजावलं — तिथे तोंड उघडायचं नाहीस. आठवी ओळ तू नव्हे, मी वाचली होती.