एकतीस आणि एकोणीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

टॉवर म्हणतो, मातीत पाणी एकतीस टक्के. माझी माती म्हणते एकोणीस. आणि भावोजी सगळ्यांसमोर म्हणतात, "हिचाच हात थरथरत असेल."

हात! सहा वर्षं याच हातांनी माती काढतेय. नळी ठोकायची, माती डबीत भरायची, तोलायची, चोवीस तास भट्टीत वाळवायची, परत तोलायची. चुकायला जागा कुठे आहे? आणि हे — दहा मीटर उंच टॉवरवर रेडिओमीटर टांगून खाली खुर्चीत बसणार. जमिनीतून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी ते यंत्र मोजणार. कमी आल्या की जमीन ओली, जास्त आल्या की कोरडी. वर अक्कल आम्हाला शिकवणार!

ताईचा नवरा म्हणून ऐकून घेते.

६ फेब्रुवारी

जेवताना पुन्हा तेच. "हिला इथं चिकटवली कोणी? मीच ना!" सगळे फिदीफिदी हसले. मी डबा बंद केला. हा माणूस मला त्यांच्या लग्नातही आवडला नव्हता.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी सांगून टाकलं — शुक्रवारी फैसला. ज्याचा आकडा चुकीचा ठरेल त्याला नारळ.

संध्याकाळी भावोजी माझ्या खोलीत. आवाज एकदम मऊ! "अगं, डिसेंबरपर्यंत जुळत होतं आपलं. शेतातच काहीतरी बदललंय. एकदा दोघं आत जाऊन बघू या का?"

टॉवरखालच्या त्या तुकड्यात माझ्याशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही, माती दबते — हा नियम माझाच. म्हटलं, "आत काही नाही. तुमचं यंत्र तपासा." निघून गेले. मजा वाटली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकले!

भावोजींनी यंत्र आकाशाकडे वळवून — तिथला आकडा आधीच ठाऊक असतो — तपासल्याचे कागद दाखवले. सगळं बरोबर म्हणे. साहेब म्हणाले, "आकाश बरोबर आणि जमीन चूक? असलं कसलं यंत्र!" मी फक्त वह्या पुढे केल्या. भावोजी गेले. टॉवरची किल्ली आता माझ्याकडे.

१६ फेब्रुवारी

ताईचा फोन. "एक शब्द टाकायचास त्यांच्यासाठी."

"त्यांनी माझ्यासाठी कधी टाकला?"

"तुला नोकरी लागली तेव्हा!"

फोन ठेवला. आली मोठी नवऱ्याची कड घेणारी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिल्यांदा टॉवरवर चढले. यंत्र बघतं तिथूनच खाली बघितलं. वारा आला, गहू बाजूला झाला आणि खाली काहीतरी चमकलं.

लोखंडी पत्रे. पाच. माझेच! जानेवारीत पाणी सोडलं तेव्हा पाय रुतू नयेत म्हणून मीच अंथरलेले. नंतर गहू वाढला, ते झाकले गेले. रोज त्यांच्यावरूनच चालते, पण डोक्यात आलं नाही. यंत्राला पानं फारशी आड येत नाहीत, पत्र्यातून लहरी निघत नाहीत — त्याला तिथं ओली जमीनच दिसणार.

भावोजी खुर्चीतून उठून वर चढले असते तर त्यांनाही दिसले असते. हे आपलं मी मनाला सांगतेय. उद्या साहेबांना सांगायलाच हवं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल पहाटे, कोणी यायच्या आत, पत्रे काढून टाकले. आज टॉवर अठरा, मी अठरा. साहेब खूश — "बघा, तो गेला आणि यंत्र सुधारलं!"

मी म्हटलं, "हो ना."