नंबर लागला तर

१६ मे, बजाजनगर

एनडीएच्या लेखीचा निकाल लागला. यादीत माझा रोल नंबर आहे. चार वेळा पाहिला, मग मामीला बघायला लावला, कारण माझा माझ्या डोळ्यांवर आज भरवसा नव्हता. निलोफरचाही आहे. उस्मानपुऱ्याच्या क्लासमधून मुलींत आम्ही दोघीच. सरांनी पेढे वाटले आणि पेढा तोंडात असतानाच बजावलं, "लेखी म्हणजे नुसती चाळणी. खरं पुढंय."

कन्नडला घरी फोन केला. भोपाळला पाच दिवस निवड मंडळापुढे जावं लागेल, म्हटलं. अप्पा म्हणाले, "जा की." एवढंच. मामी कधीची हसतेय. "तुझा बाप म्हस घ्यायची तरी आठ दिवस इचार करतो. तुला इतक्यात व्हय म्हणला?" खरंय. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजणारा माणूस, शब्दसुद्धा तोलूनच देतो. पण हो म्हणाले ना. बस.

२ ऑगस्ट, भोपाळ

स्टेशनवर लष्कराची बस. आत कुणी बोलेना. कँपात रस्त्याला एक पान पडलेलं नाही, मला चपला हातात घ्याव्यात असं वाटलं.

सकाळपासून पहिली चाचणी. चित्र बघून गोष्ट लिहा, मग गटात चर्चा, म्हणजे बाजार. दुपारी राहणाऱ्यांचे नंबर पुकारले. माझा आला. निलोचा नाही.

दोघींचे पांढरे शर्ट तिच्या अब्बांनीच शिवलेत. तिने बॅग उचलली, मीच रडत होते. "रोती कायकू? मैं जारी, तू रुक. अपने में से एक तो भी रुकना ना." बस वळेपर्यंत हात हलवत होती. निलो, मला असं नसतं जमलं.

आता मी चेस्ट नंबर नऊ. नाव पाच दिवस नाही.

३ ऑगस्ट

पडद्यावर शब्द. पंधरा सेकंद. वाक्य लिहा. पुढचा शब्द. 'भीती'ला काय लिहिलं आठवत नाही. 'वडील' आला तेव्हा हात थांबला, वाक्य अर्धंच राहिलं.

हे वाचणारे साहेब आम्हाला दिसणारच नाहीत म्हणे. एक न पाहिलेला माणूस आत्ता माझी वाक्यं घेऊन बसला असेल. घरच्यांनाही ठाऊक नाही ते त्याला कळेल. भीती वाटते आणि कसलं तरी भारी पण वाटतं.

४ ऑगस्ट

आज माती खाल्ली.

गटाचं काम होतं. दोन रेषांमधली जमीन निषिद्ध, तिला पाय काय, बोटही लावायचं नाही. फळ्या, दोर आणि ओंडके वापरून सगळ्यांनी पलीकडे जायचं. समजलं होतं. मैदानावरच्या साहेबांनी शिट्टी वाजवली आणि मी वाकले, रेषेपलीकडच्या मातीला हात लावून कपाळाला लावला. सहा वर्षं कबड्डी. मैदानात उतरायचं तर आधी नमस्कार. हाताला विचारावं लागतच नाही.

परत शिट्टी. "नौ नंबर, ये क्या था?"

"सर, मैदान में उतरने से पहले नमस्कार करते हैं."

गटातली एक हसली. साहेब नाही हसले. "मैदान आउट है. पूरा ग्रुप फिर से." चार नंबरच्या मुलीने एवढी फळी लावली होती, ती परत काढली. माझ्यामुळे. तिला म्हटलं, सॉरी. ती म्हणाली, "बाद में बोलना, पहले रस्सी पकड़."

मग पकडली. शेवटचा ओंडका मीच ओढला, तळहात सोलले. पण माझा नंबर गेला बहुतेक.

५ ऑगस्ट

वैयक्तिक अडथळे. रेषेच्या अलीकडे थांबले. हात आपोआप खाली गेला, या वेळी अलीकडचीच माती. वर बघते तर साहेब शिट्टी ओठांशी धरून थांबलेले. मी उभी राहिले, मग वाजवली.

एवढ्या मोठ्या माणसाने माझ्या नमस्कारासाठी थांबावं. दिवसभर तेच डोक्यात. दहापैकी आठ अडथळे झाले, दोन राहिले, त्याचंही काही वाटेना.

दुपारी मुलाखत, वेगळ्या साहेबांपुढे. जवळजवळ तासभर. गाव, शाळा, कबड्डी, निलो, मामीशी भांडण कशावरून होतं. माझ्या आयुष्यात मला सलग तासभर कुणी ऐकलेलं नाही. घड्याळाकडे बघितलं नाही त्यांनी. शेवटी, "वडिलांना तुमचं हे पटलंय?" मी ताडकन म्हटलं, "हो सर, लगेच हो म्हणाले." त्यांनी काहीतरी लिहिलं.

६ ऑगस्ट

सगळे अधिकारी गणवेशात, अर्धगोलात. खुर्चीपर्यंतची पाच पावलं संपता संपेनात. दोन मिनिटांत बाहेर.

मग निकाल. नंबर चार. नंबर नऊ.

नंतर मी पुढे कशी गेले माहीत नाही. चार नंबरने मिठी मारली तेव्हा कळलं की पाय जमिनीवर आहेत.

अप्पांना फोन. "अप्पा, झालं. आता मेडिकल, मग फायनल लिस्ट." पलीकडे काटाघरातला आवाज येत राहिला. मग म्हणाले, "बरं. घरी आईला फोन लाव."

२५ ऑगस्ट

मेडिकल झालं. डोळे, दात, छाती उत्तम. अडकलं कुठे, तर कानातल्या मळात. तीन दिवस थेंब घालून परत बोलावलं. आज फिट. देशसेवा कानातून सुरू झाली, असं निलो फोनवर म्हणाली. ती पुढच्या परीक्षेला बसतेय.

१४ सप्टेंबर, कन्नड

बाजारात लोक अप्पांना थांबवतात. "पोरगी हाफिसर झाली म्हणं." अप्पा म्हणतात, "लिस्ट कुठं लागलीय आजून." मुलींच्या जागा मोजक्या, हेही सांगतात. माझ्याशी मात्र या विषयावर शब्द नाही. ताट वाढतात, पंखा माझ्याकडे वळवतात. एनडीए म्हटलं की उठून जातात. मला राग येतोय.

७ ऑक्टोबर

लिस्ट या आठवड्यात म्हणतात. सकाळी अप्पा गोठ्याशी होते, मी विचारलंच. काय चुकलं माझं?

वैरण टाकून झाल्यावर बोलले. "खरं सांगू? मी व्हय म्हणलो ते तुझा नंबर लागनार नाय म्हणून. देशातल्या एवढ्या पोरी. म्हणलं जाईल, येईल, हौस फिटंल."

 म्हणजे मी मुलाखतीच्या साहेबांना खोटं सांगून आले.

"मग आता?"

"आता रोज मारुतीला जातो."

"लिस्टसाठी?"

"व्हय." हात धुतले, धोतराला पुसले. "काय मागतो ते इचारू नको. रोज येगळं मागतो."

खरं बोलायला किती धीर लागतो ते पाच दिवस बघून आले होते. तिथे कुणाला जमलं नाही असं अप्पा आज गोठ्यात उभं राहून बोलले. माझा राग गेला. रडू आलं, ते म्हशीकडे तोंड करून आवरलं.

८ ऑक्टोबर

सकाळपासून सहा वेळा साइट उघडली. लिस्ट नाही. अप्पा मारुतीला गेलेत, अजून आले नाहीत.