बंद लाखोटे

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी आज कुवेतमध्ये सामान बांधता बांधता तुम्हाला लिहायला बसले आहे. नोकरी संपली, इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत जेमतेम महिनाभर उरली. कपाटाच्या वरच्या फळीवरून लेकीने एक पिशवी काढली आणि म्हणाली, "मम्मा, ही लेटर्स कोणी ओपनच नाही केली. फेकू?" मी उगीचच तिच्यावर खेकसले. पाकिटांवर तुमच्या सूनबाईंच्या अक्षरात माझ्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स. सहा पाकिटं, सहाही बंद.

तुमचं ते स्वयंपाकघर आठवतं. काचबिंदूने तुमचे डोळे गेलेले, म्हणून तुमच्या पुस्तकासाठीची जुनी मोडी पत्रं वाचायची मी, चहा गाळायचात तुम्ही, निम्मा बशीबाहेर. अडीचशे वर्षांपूर्वीचा एक साधा कारकून, परमुलखातल्या दरबारी गेलेल्या मराठी वकिलाला लिहितो आहे. वकिलाचं बोलणं त्याने एकदाच ऐकलेलं, आणि गडी पार वेडा झालेला! गावची खबर, पाऊसपाणी, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच, दोन ओळींचं तरी उत्तर यावं. तुम्ही म्हणायचात, "उत्तर नाही गं मिळालं बिचाऱ्याला. पण वकिलाने वाचली असणार. नाहीतर जपली कशाला असती?" हेच तुमच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत जायचं होतं.

तोवर आपण कारकुनाच्या घरच्या नकलाच वाचत होतो; मग वकिलाच्या वंशजांकडून मूळ पत्रांचं बाड आलं. त्यातला एकेक लाखोटा खळीने चिकटवलेला, वर लाखेचा ठिपका शाबूत. एकही उघडलेला नव्हता. तेव्हाच सांगायला हवं होतं मी. तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि माझी जीभच रेटेना. ओल्या फडक्याने खळ सोडवली, लाख नखाने खरवडून कचऱ्यात टाकली आणि काही झालंच नाही अशी वाचत सुटले. पुरावा माझ्याच हातांनी संपवला. तुम्ही एवढंच म्हणालात, "हात पुसून घे आधी. ओल्या हातांनी कागदाला शिवू नये, कितीदा सांगायचं?"

पुढे मला कुवेतमध्ये, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीचं काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. काम काय, तर आलेल्या प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा आणि त्याचं उत्तर गेलं की नाही यावर डोळा ठेवायचा. हसा, सर, हसा! तुमचं पहिलं पाकीट आलं तेव्हा रिफायनरीच्या शटडाऊनची धावपळ होती. म्हटलं, शुक्रवारी निवांत उघडू. दुसरं आलं तोवर पहिल्याची लाज वाटायला लागली होती. नंतर नुसती भीती, की तुम्ही त्या लाखोट्यांबद्दल विचारणार. मग एक दिवस फोनच आला, तुम्ही गेल्याचा. पुस्तक मागाहून तुमच्या मुलाने छापलं, प्रस्तावनेतलं 'वकिलाने वाचली असणार' हे वाक्य जसंच्या तसं ठेवून.

आज पहिलं पाकीट उघडलं. सवयीने ओलंच फडकं घेतलं. तुम्ही स्वतः लिहिलेलं, मोठमोठ्या मोडी अक्षरांत, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मोडी विसरत चाललेय मी, अर्धा तास लागला. तुम्ही लिहिलं आहे, "त्या दिवशी खळ सुटताना मला ऐकू येत होती. मी आंधळा आहे, बहिरा नाही. तू माझ्यासाठी गप्प बसलीस, मीही तुझ्यासाठी बसलो. पण खोटं छापायचं नाही. लाखोटे बंद होते, एवढं एका ओळीत कळव. पाहणारी तू एकटीच. तुझं पत्र येईतो प्रस्तावना थांबवली आहे."

एक ओळ मागितली होतीत हो! एक ओळ. आणि मी दररोज दुसऱ्यांच्या पत्रांना उत्तरं गेली का ते तपासत बसले होते. लाज वाटते, सर, आणि रडूही धड येत नाही. हे कागद आता कुठल्या पत्त्यावर टाकू? पिशवी विमानात हातातल्या सामानात ठेवायला सांगितली आहे, या कागदांसकट. उरलेली पाच मी उघडलेली नाहीत.